एसटीआरमधली (संशयास्पद व्यवहाराचा बँकेने पाठवायचा अहवाल) 'संशयाची कारणे' नेमकी कशी लिहायची? (विटा भागातली खाती)

विटा_शाखा:
नागरी सहकारी बँक, शाखा विटा. इथे घरटी कोणीतरी गलाईच्या (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या) धंद्यात परराज्यात असतं, त्यामुळे 'परराज्यातून वारंवार जमा' हा संगणकाचा इशारा (अलर्ट) सतत उठतो. त्यातून खरा संशयास्पद व्यवहार वेगळा काढला तरी मुख्य कार्यालयाचा शेरा येतो, 'मजकूर मोघम, परत लिहा'. आमचा मजकूर असा असतो: "खात्यात उत्पन्नाशी विसंगत मोठे व्यवहार आढळले, सबब संशयास्पद." अजून काय हवं? आणि एसटीआर पाठवायचे सात दिवस अलर्टपासून धरायचे का?

केवायसी_सांगली:
'विसंगत' हा निष्कर्ष झाला, कारण कुठाय? दिल्लीत एफआययूमध्ये (हे अहवाल घेणारी केंद्र सरकारची आर्थिक गुप्तवार्ता संस्था) वाचणाऱ्यापुढे तुमचा ग्राहक उभा नसतो. गलाई म्हणजे काय हेही त्याला ठाऊक असेलच असं नाही. नमुना बघा (आकडे काल्पनिक):

"बचत खाते. नोंदलेला व्यवसाय बेदाणा शेडवर मजुरी, वार्षिक उत्पन्न 1.8 लाख. 3 ते 11 जून या काळात यूपीआयने 167 वेगवेगळ्या व्यक्तींकडून 212 वेळा मिळून 14.60 लाख जमा. त्याआधी सहा महिन्यांत एकूण जमा 38 हजार. आलेली रक्कम साधारण 20 मिनिटांत बाहेर: 11.78 लाख आयएमपीएसने तीन खात्यांत, 2.80 लाख एटीएममधून. 31 मे रोजी मोबाइल क्रमांक बदलला. पैसे पाठवणाऱ्यांशी नाते किंवा व्यवहार काय, याचा कागद खातेदाराकडे नाही."

यात विशेषण एकही नाही, तरी खातं दुसऱ्याला पैसे फिरवायला भाड्याने दिलंय हे दिसतं. त्या तीन खात्यांचे क्रमांक आणि आयएफएससी मात्र हवेतच. तपास पुढे सरकतो तो तिथूनच. शाखा नेमकं तेच गाळते.

गलाईवाल्या घराचं खातं ओळखायला सोपं. पाठवणारे दोन-चारच, बहुधा आडनाव एकच, वर्षानुवर्षं तेच; पैसा बांधकामाला, सोसायटीच्या कर्जाला, मुलांच्या फीला जातो. असा अलर्ट बंद करा, पण बंद का केला ते दोन ओळींत लिहून ठेवा. नुसतं 'ओके' लिहिलं तर तपासणीत उत्तर देताना नाकी नऊ येतात.

जुना_ऑडिटर:
मुदत अलर्टपासून नाही. व्यवहार संशयास्पद असल्याची खात्री झाली की एसटीआर विनाविलंब पाठवायचा, सात दिवस धरून बसायचं नाही. म्हणून प्रिन्सिपल ऑफिसरने (असे अहवाल पाठवायला बँकेने नेमलेला अधिकारी) तो निर्णय तारखेसह नोंदवावा. अलर्ट महिनाभर टेबलावर ठेवून मग 'आज खात्री झाली' म्हणणं कुणालाच पटत नाही.

एसटीआरला रकमेची किमान मर्यादा नाही. फसलेला किंवा अर्धवट सोडलेला प्रयत्नही कळवायचा. 10 लाखांची मर्यादा सीटीआरची (मोठ्या रोख व्यवहारांचा वेगळा अहवाल), तो पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत जातो. सीटीआर गेला म्हणून एसटीआर टळत नाही.

विटा_शाखा:
सायबर पोलिसांचं पत्र आलं असेल तर तेवढं कारण पुरतं का?

केवायसी_सांगली:
पत्राचा क्रमांक, तारीख लिहा, पण खात्यातला प्रकार स्वतः मांडा. पत्र एका तक्रारीपुरतं असतं, वरच्या नमुन्यातले उरलेले 166 जण त्यात नसतात. पत्रात जी रक्कम रोखायला सांगितली असेल ती रोखा, तो विषय वेगळा. निव्वळ एसटीआर पाठवला म्हणून खातं गोठवायचं नाही. आणि ग्राहकाला याचा सुगावा लागता कामा नये. खुलासा विचारताना 'केवायसी अद्ययावत करतोय' एवढंच बोला. आपल्याकडे काउंटरवरचा कॅशियर बऱ्याचदा खातेदाराचा पाव्हणा निघतो, तेव्हा फाइल शाखेत फिरू देऊ नका.