फणसाच्या फळ्यांसाठी जॉइंटर: जुनं १२ इंची घ्यावं की नवं ६ इंची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळ घराच्या पडवीतच माझं सुतारकामाचं छोटं दुकान आहे, १० बाय १४ फुटांचं. पाट, चौरंग, देवघरं करतो. लाकूड बहुतेक फणसाचं, कधीमधी सागवान.

गणपतीच्या चौरंगांचा माथा ३ फळ्या जोडून होतो. हातरंध्याने कडा मारून मारून आता मनगट दुखायला लागलंय. कड जराशी जरी पोटात गेली तरी पाऊस सरल्यावर लाकूड आकसतं आणि सांधा उघडतो. गेल्या दिवाळीत एक चौरंग असाच परत आला. सांध्यातून उजेड दिसत होता. फार वाईट वाटलं.

म्हणून जॉइंटर (फळीच्या कडा आणि बाजू सरळ रंधणारं मशीन, दुकानदार ज्याला सरफेस प्लेनर म्हणतात तेच) घ्यायचा आहे. एक जुनं १२ इंची मिळतंय, बिडाचं, वजनदार, पण थ्री फेज विजेवर चालणारं, आणि पात्यांवरचं झाकण म्हणजे गार्ड गायब. दुसरं नवं ६ इंची, सिंगल फेज. माझ्या फळ्या ८-९ इंच रुंद असतात, म्हणून मन जुन्याकडे ओढतंय.

भीतीही आहे. माझ्या काकांची २ बोटं अशाच मशीनवर पेरापर्यंत गेली. वीतभर पट्टी होती. ती मागे उडाली आणि तिच्यावर दाबलेला हात थेट पात्यांवर गेला. अजूनही ते पटाशी डाव्या हातात धरतात.

आणखी एक. मित्राच्या मशीनवर फळी घालून पाहिली, तर दर वेळी शेवटच्या २ इंचांत खड्डा पडला. माझा हात चुकतोय की मशीन?

प्रतिसाद:

भाऊ, खड्डा मशीनमुळे. लाकूड बाहेर पडतं ते टेबल पात्यांच्या टोकापेक्षा खाली बसलंय. प्लग काढा, त्या टेबलावर सरळ पट्टी ठेवून तिचं टोक कटर ब्लॉकवर (पाती बसवलेला फिरता ठोकळा) येऊ द्या आणि ब्लॉक हाताने फिरवा. पातं पट्टीला जेमतेम घासलं पाहिजे. पट्टी उचलली किंवा ओढली गेली तर टेबल वर घ्या. प्रत्येक पात्यासाठी तपासा, दोन्ही कडांना.

जुन्याचा कटर ब्लॉक गोल आहे की चौकोनी, हे आधी बघा. चौकोनी असेल तर फुकट दिलं तरी नको. त्यात ब्लॉक आणि टेबल यांच्यामध्ये मोठी फट राहते आणि बोट खोल ओढलं जातं.

तुमचं मुख्य काम कडांचं आहे आणि कडेला रुंदी लागत नाही. चौरंगाच्या फळीला ६ इंची भरपूर झालं. रुंद बाजू हातरंध्याने सपाट करा, पुढे जमेल तेव्हा थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची करणारं मशीन) घ्या.

एका वेळी पाव सूतच (पाऊण मिलिमीटरभर) काढा. फणसाचे रेषे उलटसुलट असतात, जास्त घेतलं की उचकतात. फूटभरापेक्षा आखूड तुकडा कधीच घालू नका: लांब फळीची कड आधी मारा, मग कापा. गार्ड कायम, हातमोजे कधीच नाही. ६ इंचांत मावणारी रुंद बाजू मशीनवर मारताना हात लाकडावर नको, दांड्याच्या ठोकळ्याने ढकला.

जोडाच्या २ फळ्यांपैकी एकीचं तोंड (वर दिसणारी बाजू) फेन्सला, म्हणजे मशीनच्या उभ्या आधारपट्टीला, लावा, दुसरीची पाठ. फेन्स काटकोनात थोडी चुकली तरी दोन्ही कोन एकमेकांना भरून काढतात आणि माथा सपाट बसतो.

खारा वारा आहे, टेबल गंजेल. पॅराफिनचं मेण घासा. सिलिकॉनचा स्प्रे नको, पुढे लाकडावर पॉलिश धरत नाही.

धागाकर्ता:

दादा, आज काकांना घेऊन जुनं मशीन बघून आलो. ब्लॉक चौकोनीच निघाला. काकांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हेच. असलंच होतं ते." ६ इंचीचे पैसे भरून आलो.