२००१ अ स्पेस ओडिसी बाबांना दाखवायचाय, कसा दाखवू?

घोडबंदरवाला: मंडळी, सल्ला हवाय. दिग्दर्शक कुब्रिकचा १९६८ चा '२००१' दोनदा ट्राय केला, दोन्ही वेळा माकडांच्या सीनलाच डुलकी. दुसऱ्यांदा तर लोकलमध्ये मोबाईलवर लावला होता, डोळे उघडले तर ठाणे गेलेलं आणि गाडी कळव्याला उभी. आता शनिवारी बाबा नेरुळहून राहायला येतायत, वय ७४, रिटायर्ड मेकॅनिकलवाले, अख्खी नोकरी ठाणे-बेलापूर रोडला मशीन शॉपमध्ये, आणि म्हणालेत की या वेळी काहीतरी ढंगाचं दाखव. टीव्ही ४३ इंची. प्रोजेक्टर भाड्याने आणू की सरळ इंटरस्टेलर लावू?

खारघर_टेकडी: मोबाईलवर??? अरे तो ७० एमएमच्या भल्यामोठ्या पडद्यासाठी बनवलेला पिक्चर आहे, तू पोस्टाच्या तिकिटावर बघितलास! प्रोजेक्टर नको, पांढऱ्या भिंतीवर काळा रंग राखाडी दिसतो आणि यात अर्धा वेळ काळं अवकाशच आहे. टीव्हीच बरा, फक्त सोफा पुढे ओढ, लाइट बंद कर आणि सेटिंगमध्ये जाऊन ते मोशन स्मूदिंग (टीव्ही मधल्या फ्रेम्स स्वतःच बनवून हालचाल गुळगुळीत करतो ते) आधी काढ, नाहीतर कुब्रिक रात्री आठच्या सिरीयलसारखा दिसेल. आणि सुरुवातीला बराच वेळ स्क्रीन काळी राहते, नुसतं म्युझिक वाजतं. तसंच आहे ते. काही दाबत बसू नकोस.

चेंदणी_कोळीवाडा: मी तर म्हणेन इंटरस्टेलर लाव. बाप-लेकीची गोष्ट आहे, बाबा रडतील, विषय संपला. २००१ मध्ये पहिला डायलॉग यायला २५ मिनिटं लागतात, तोवर आमच्या घरी दोन चहा होतात.

वाशी_सेक्टर१७: कोळीवाडा दादा, मशीन शॉपच्या माणसाला रडवायचं कशाला, त्यांना सेट दाखवायचा ना! घोडबंदरवाला, बाबांना कथा अजिबात सांगू नकोस, फक्त एवढंच सांग की यात कॉम्प्युटर ग्राफिक्स शून्य आहे. यानात एक जण गोल गोल जॉगिंग करतो ना, त्यासाठी खरंच ३८ फूट व्यासाचं फिरतं चाक बांधलं होतं, विमानं बनवणाऱ्या व्हिकर्स कंपनीकडून. माणूस तळालाच पळतो, सेट त्याच्याभोवती फिरतो, म्हणजे उंदराच्या चक्राचाच प्रकार. तरंगणारं पेन तर अजून सोपं, मोठ्या काचेला टेपने चिकटवून काच फिरवली, एअर होस्टेस ते 'पकडते' म्हणजे काचेवरून सोडवते. हे माहीत असूनही मला आजपर्यंत काच दिसलेली नाही. आणि तुझी ती झोपेची माकडं: मागचा आफ्रिका म्हणजे फोटो, इंग्लंडमधल्या स्टुडिओत समोरून प्रोजेक्ट केलेला, बिबट्याचे डोळे चमकतात ते त्यामुळेच. शेवटचा रंगांचा बोगदा डग्लस ट्रम्बलने स्लिट-स्कॅनने केला, बारीक फटीतून एकेक फ्रेम लांब एक्स्पोज करत. सगळं माणूस चंद्रावर जायच्या आधीच्या वर्षी! याच इफेक्ट्सचं ऑस्कर कुब्रिकला मिळालं, आयुष्यातलं एकमेव.

शेवट कळला नाही तर कळला नाही. मला चार वेळा बघून कळलेला नाही.

उपवन_फेरी: पंखा बंद ठेवा हो. एसी असेल तर एसी, नसेल तर घाम. माणूस यानाबाहेर असताना नुसता श्वास ऐकू येतो आणि मग तोही थांबतो, तिथे पंख्याची खरखर आली की मजा गेली. आमच्याकडे नेमकी ढोलपथकाची प्रॅक्टिस सुरू होती, त्यामुळे अंतराळात 'गजर' झाला 😅

चेंदणी_कोळीवाडा: बरं बाबा हरलो. इंटर्व्हल पिक्चरमध्येच आहे, तेव्हा चहा टाक.

घोडबंदरवाला: रविवार रिपोर्ट. काळी स्क्रीन येऊन एक मिनिट झालं नसेल, बाबा उठले आणि टीव्हीमागे हात घालून एचडीएमआय हलवायला लागले, "पिन लूज आहे रे तुझी." बसवलं कसंबसं. माकडांना त्यांचे डोळे मिटले, मी मात्र जागा (हा रेकॉर्ड आहे). चाकाचा सीन आल्यावर त्यांना हलवून उठवलं तर म्हणाले मागे घे. परत मागे घे. तीनदा बघितला. मग पॉज करायला लावलं आणि लाइट बिलाच्या मागे पेनने गोल काढून बसले. शेवट बघितलाच नाही त्यांनी, यानातल्या त्या बोलणाऱ्या कॉम्प्युटरशी, हॅलशी, तर काही देणंघेणं नव्हतं. आज सकाळी चहाला पहिलं वाक्य, "एवढ्या वजनाला त्यांनी बेअरिंग कुठलं लावलं असेल?"

वाशी, तुम्हीच उत्तर द्या आता, ते समोर बसलेत.