जुन्या पिकअपच्या क्लचला नुसती प्लेट की पूर्ण सेट?

घाटवाला: काल इथे एकाने सल्ला दिला, "पिकअप जुनी झाली, आता नवा सेट कशाला? जुन्याच प्लेटला नवं लायनिंग, म्हणजे घासणारा थर, मारून घ्या, भागतंय." वाचून डोकं फिरलं. अहो, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी प्लेट टाका नाहीतर सेट टाका, तेवढीच! प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची फिंगरं झिजलेली, बेअरिंग ओरडतंय, आणि तुम्ही फक्त लायनिंग मारणार? प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, हाच सेट; तिन्ही एकदम बदला. प्लेट ज्याला घासते त्या इंजिनाच्या फ्लायव्हीलवर निळे डाग असतील तर लेथवर फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्या. कंपनी ल्यूक घ्या, वॅलियो घ्या, पण पक्क्या बिलावर घ्या.

कांदेवाला: सल्ला माझाच होता. लायनिंग मारलेल्या प्लेटवर दोन हंगाम कांदा वाशीला पोचवलाय. गाडीची किंमत काय, सेटची काय? बिलाचं कौतुक पगारवाल्यांनी करावं.

गाळा नं. ३: मिस्त्री म्हणून सांगतो, निम्म्या गाड्यांत दोष प्लेटचा नसतोच. कसारा घाटात पुढे ट्रक अडकला की आमचे पठ्ठे हँडब्रेक ओढत नाहीत, हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून गाडी धरून ठेवतात. त्यात सव्वा टनाच्या गाडीत दोन टन माल. कोणती कंपनी टिकेल?

कांदेवाला: आला ओव्हरलोडवर! पासिंगएवढाच, म्हणजे आरटीओच्या कागदावर आहे तेवढाच माल भरला तर भाड्यातून डिझेल सुटतं का? व्यापारी गोणीमागे पैसे देतो, तुमच्या उपदेशामागे नाही. आधी त्याला जाऊन शिकवा.

घाटवाला: म्हणजे क्लच जळाला तो व्यापाऱ्यामुळे. वा!

कांदेवाला: टोमणे नकोत. घाटात माल घेऊन कधी चढलात का?

घाटवाला: माळशेजने टोमॅटो नेतो, भाऊ. हँडब्रेक ओढून.

गाळा नं. ३: भांडा निवांत. पण सेट घेण्याआधी गाडीखाली वाका. बेल हाउसिंगमधून, म्हणजे क्लचभोवतीच्या कव्हरातून तेल ठिबकत असेल तर बहुधा इंजिनाच्या क्रँकचं मागचं सील गेलंय. ते तसंच ठेवलं तर नवी प्लेटही तेलकट होऊन घसरणार. आणि 'हेवी ड्यूटी' क्लचच्या नादी लागू नका, पेडल असं कडक होतं की भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये गुडघा बोलायला लागतो.

कांदेवाला: सीलचं पटलं. बेअरिंगही तेव्हाच बदलायला हवं होतं, आता पेडल दाबलं की किरकिरतंय. पण सेट घेणार नाही म्हणजे नाही.

घाटवाला: म्हणजे बेअरिंगसाठी परत गिअरबॉक्स खाली. मजुरी डबल. अभिनंदन!

कांदेवाला: मजुरी माझी जाते, पोटात तुमच्या का दुखतंय?