शोधनिबंध वाचकाला फुकट आणि लेखकाला पावणेतीन लाखांना: मेंदूविज्ञानातले ‘खुले प्रकाशन’ कितपत खुले आहे?

तळटीप (धागालेखक)

एप्रिल २०२३ मध्ये ‘न्यूरोइमेज’ या मेंदूप्रतिमांकनाच्या क्षेत्रातील अग्रगण्य नियतकालिकाच्या आणि त्याच्या जोड-नियतकालिकाच्या चाळीसहून अधिक संपादकांनी एकत्रितपणे राजीनामे दिले. हे नियतकालिक २०२० पासून पूर्णपणे ओपन ॲक्सेस होते, म्हणजे कोणीही वर्गणी न भरता ते वाचू शकत होता. त्याचा खर्च मात्र लेखकाकडून वसूल होई आणि एका निबंधासाठी ३,४५० डॉलर मोजावे लागत. हे शुल्क दोन हजार डॉलरच्या खाली आणावे, ही संपादकांची मागणी एल्सेव्हियर या प्रकाशन संस्थेने मान्य केली नाही. तेव्हा संपादक बाहेर पडले आणि त्यांनी एमआयटी प्रेसकडे ‘इमेजिंग न्यूरोसायन्स’ हे नवे नियतकालिक सुरू केले.

त्या वेळच्या दराने ३,४५० डॉलर म्हणजे पावणेतीन लाखांहून थोडे अधिकच. आपल्याकडे जेआरएफ ही कनिष्ठ संशोधकांची शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या विद्यार्थ्याची पाठ्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, तेव्हा एका निबंधाचे शुल्क हे त्याच्या साडेसात महिन्यांच्या पोटापाण्याइतके झाले. ‘नेचर न्यूरोसायन्स’ने २०२१ पासून खुल्या प्रकाशनासाठी ९,५०० युरो आकारायला सुरुवात केली, त्याचा हिशेब मांडण्याचे धाडस मी करत नाही. वाचकाच्या दारावरचे कुलूप काढून ते लेखकाच्या दारावर लावले, एवढाच या व्यवस्थेचा अर्थ आहे. शुल्कमाफीचे सांगाल तर अनेक प्रकाशकांच्या संपूर्ण माफीच्या यादीत भारत नसतो, कारण काही ठिकाणी दरडोई उत्पन्नाबरोबरच देशाच्या एकूण अर्थव्यवस्थेच्या आकाराचीही अट असते. देश मोठा म्हणून प्रयोगशाळाही श्रीमंत, असा हा न्याय आहे.

माझे म्हणणे असे की, सार्वजनिक निधीतून अशी शुल्के भरणे थांबवावे आणि तोच पैसा विद्यापीठे व विद्वत्संस्था यांच्या विनाशुल्क नियतकालिकांना द्यावा.

लालशाई

संताप रास्त आहे, परंतु उपाय पटत नाही. ज्या संपादकांचे आपण कौतुक करता त्यांच्या नव्या नियतकालिकाचे शुल्कसुद्धा १,६०० डॉलर ठरले, आणि एमआयटी प्रेस ही काही नफेखोर संस्था नव्हे. निबंध छापण्याआधी तपासणारे परीक्षक विनामोबदला काम करतात हे खरे, पण परीक्षक मिळवणे हेच मुळात काम आहे. त्यानंतर आकृत्यांमध्ये फेरफार झालेला नाही ना हे पाहणे, संख्याशास्त्र जाणणाऱ्याकडून विश्लेषण तपासून घेणे, मजकुराची प्रत सुधारणे आणि पन्नास वर्षांनीही तो दुवा उघडेल अशी तजवीज करणे, यांपैकी काहीही फुकट होत नाही. एखाद्या प्राध्यापकाने वर्ग संपल्यावर आणि प्रबंध तपासून झाल्यावर ‘सेवा’ म्हणून हे करावे, अशी अपेक्षा ठेवली की चौथ्या वर्षी अंक उशिरा निघतो आणि सहाव्या वर्षी निघतच नाही.

तळटीप

शुल्क निम्म्याहून खाली आले तरी काम चालते, हेच आपल्या उदाहरणातून सिद्ध होते. एल्सेव्हियरच्या मूळ कंपनीच्या वैज्ञानिक प्रकाशन विभागाचा नफा उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांहून अधिक असतो. दुवे उघडे ठेवण्याचा खर्च वजा जाऊनच हा आकडा येतो. शिवाय लांब कशाला जायचे? परळच्या केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघते आहे, आणि लेखकाकडून पैसे न घेता ते वर्षानुवर्षे सर्वांना खुले राहिले आहे.

लालशाई

उदाहरण चांगले आहे, मात्र अर्धेच सांगितलेत. ते नियतकालिक ज्या मेडनोच्या यंत्रणेवर जगापुढे आले, ती मुंबईत उभी राहिलेली कंपनी २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवर या बड्या प्रकाशन संस्थेने विकत घेतली. विनाशुल्क नियतकालिकाच्या पाठीमागे बहुधा कोणीतरी पैसेवाला उभा असतोच. सरकार असेल, संस्था असेल किंवा बडा प्रकाशक असेल.

वाचनकक्ष

ग्रंथपाल या नात्याने तिसरी बाजू मांडतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके आणि ६,३०० च्या आसपास सरकारी संस्था, असा तिचा पसारा आहे. आमच्यासारख्या ग्रंथालयांत जी नियतकालिके वर्गणी परवडत नाही म्हणून बंद झाली होती, ती आता पुन्हा उघडतात. मग शुल्क भरण्याचा अट्टाहास कशाला? वर्गणीच्या नियतकालिकात विनाशुल्क छापावे आणि स्वीकृत हस्तलिखित, म्हणजे स्वीकारलेल्या निबंधाची लेखकाकडची प्रत, नियमांत बसेल तसे संस्थेच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात ठेवावे.

सातारकर

आपण ‘सरकारी संस्था’ हे शब्द अगदी सहज लिहून गेलात. मी खासगी समुपदेशन करते, कोणत्याही महाविद्यालयात नाही, त्यामुळे त्या योजनेतले एकही नियतकालिक मला उघडत नाही. एखाद्या किशोरवयीन मुलीच्या स्वतःला इजा करून घेण्याच्या सवयीवर कोणती उपचारपद्धती टिकते हे शोधताना मला निबंधाचा सारांश मिळतो. ‘लक्षणीय घट’ झाली असे त्यात लिहिलेले असते, परंतु किती जणींनी उपचार अर्ध्यावर सोडले हे आतल्या तक्त्यात असते. माझा निर्णय त्या तक्त्यावर ठरतो. खुले नियतकालिक असेल तर तो तक्ता मला दिसतो, आणि त्यासाठी कोणी पैसे भरले याची चर्चा मला, क्षमा असावी, दुय्यम वाटते.

हस्तलिखित संग्रहात ठेवण्याचा मार्ग मला चालेल, पण आपल्या किती विद्यापीठांचे संग्रह शोधयंत्राला सापडतात?

शंकेखोर

शुल्काचा दुसरा दुष्परिणाम कोणी मांडलेला नाही. प्रत्येक स्वीकृत निबंधामागे पैसे मिळत असतील, तर नकार देणे म्हणजे प्रकाशकाने स्वतःच्या खिशाला कात्री लावणे होय. आपल्याकडे पैसे घेऊन आठवड्यात काहीही छापणारी नियतकालिके फोफावली, ती पदोन्नतीच्या गुणांच्या हव्यासामुळे आणि याच व्यवस्थेच्या आडोशाने. मानसशास्त्राला तर हे अजिबात परवडणारे नाही. २०१५ मध्ये शंभर प्रयोगांची पुनरावृत्ती करून पाहिली तेव्हा जेमतेम एक-तृतीयांशाहून थोड्या अधिक प्रयोगांतच पुन्हा लक्षणीय निष्कर्ष मिळाला, आणि मूळ निबंध तर नामांकित नियतकालिकांतले होते.

तळटीप

ते निबंध वर्गणीच्या काळातलेच होते, हे ध्यानात घ्यावे; तेव्हा दोष एकट्या शुल्काचा नाही. खरा फरक विदा, म्हणजे संशोधनाची मूळ माहिती (डेटा), खुली असण्याने पडतो. २०१६ मध्ये एकलुंड, निकोल्स आणि क्नुटसन यांनी ४९९ निरोगी व्यक्तींच्या, मुक्तपणे उपलब्ध असलेल्या एफएमआरआय प्रतिमांवर (मेंदूचे कार्य दाखवणाऱ्या प्रतिमांवर) प्रचलित विश्लेषणपद्धती तपासल्या आणि काही परिस्थितींत चुकीचे सकारात्मक निष्कर्ष (परिणाम नसताना तो दिसणे) ७० टक्क्यांपर्यंत जातात असे दाखवले. कोणा प्रयोगशाळांनी आपल्या प्रतिमा आधीच सर्वांसाठी ठेवल्या होत्या म्हणून हे शक्य झाले. पावणेतीन लाख भरून खुला केलेला निबंध, ज्याची विदा ‘विनंती केल्यास उपलब्ध’ आहे, तो सातारकरांना तक्ता दाखवतो, पण तो तपासण्याची सोय कोणालाच देत नाही.

लालशाई

येथे मात्र आपले एकमत आहे, आणि म्हणूनच खर्चाचा मुद्दा पुन्हा आणतो. मेंदूची प्रतिमा खुली करायची तर चेहरा ओळखू येऊ नये म्हणून तिच्यातला चेहऱ्याचा भाग आधी खोडावा लागतो, रुग्णाच्या संमतीपत्रात तशी तरतूद असावी लागते आणि साठवणुकीला जागा लागते. आपल्या विनाशुल्क नियतकालिकाच्या अंदाजपत्रकात या कामासाठी पगारी माणूस आहे काय? असेल तर मी आपल्या बाजूने आहे.