चालताना वजनी जॅकेट घालावे का?

पायवाट (प्रश्न)

गेली काही वर्षे मी रोज पाऊण तास सपाट रस्त्यावर चालते. वेग ताशी साधारण ५ किलोमीटर असतो, वजन ६० किलो आहे आणि रजोनिवृत्ती होऊन गेलेली आहे. आता या चालण्याने ना दम लागतो ना घाम येतो, म्हणजे शरीराला त्याची सवय झाली असावी. चालण्याचा वेळ वाढवणे मला शक्य नाही. अलीकडे वेटेड व्हेस्ट, म्हणजे छातीवर आणि पाठीवर वजने विभागलेले जॅकेट, घालून चालण्याविषयी बरेच वाचनात येते. त्याने वजन लवकर उतरते, हाडे मजबूत होतात आणि पायांत ताकद येते, असे तीन दावे सर्रास केले जातात. यांपैकी कोणता दावा कितपत खरा आहे आणि घ्यायचेच ठरवले तर किती किलोपासून सुरुवात करावी, हे जाणकारांनी सांगावे. ‘जरूर घ्या, छान असते’ यापलीकडचे उत्तर हवे आहे.

मोजूनमापून

पहिल्या दाव्याचा हिशेब करता येतो, म्हणून तो करूनच दाखवतो. ओझे घेऊन चालताना किती ऊर्जा लागते याचे एक समीकरण अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी १९७७ साली मांडले. पँडॉल्फ समीकरण या नावाने ते ओळखले जाते आणि त्यात माणसाचे वजन, ओझे, वेग, चढ आणि जमिनीचा प्रकार या सगळ्यांचा विचार असतो. तुमचे आकडे त्यात घातले, तर रिकाम्या अंगाने पाऊण तासात सुमारे १७० किलोकॅलरी खर्च होतात. ६ किलोचे, म्हणजे तुमच्या वजनाच्या दहा टक्के भाराचे जॅकेट घातले, तर हा आकडा सुमारे १८२ होतो. वाढ झाली १२ किलोकॅलरींची, म्हणजे जेमतेम सात टक्क्यांची. हे समीकरण प्रत्यक्ष खर्च काहीसा कमी दाखवते, असे नंतरच्या मोजमापांत दिसले आहे. परंतु वाढ दुप्पट धरली, तरी एका बिस्किटाचाही हिशेब त्यात बसत नाही.

आता जॅकेट बाजूला ठेवा आणि वेग ताशी ५ ऐवजी ६ किलोमीटर करा. तेवढ्याच वेळात खर्च जवळपास २२० किलोकॅलरींवर जातो, म्हणजे वाढ २९ टक्क्यांची होते. वेग ५ च ठेवून १०० मीटरला ५ मीटर चढणारा रस्ता धरला, तर चढावर असेपर्यंत खर्च दीडपटीहून अधिक होतो. वजन उतरवणे हाच हेतू असेल, तर जॅकेटचा क्रम वेग आणि चढ यांच्यानंतर लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका परिस्थितीत मात्र मी जॅकेटची बाजू घेईन. वेग वाढवण्याची सोयच नसेल, उदाहरणार्थ सोबतचा माणूस हळू चालणारा असेल किंवा रस्ता वर्दळीचा असेल, तर त्याच वेगात थोडे अधिक कष्ट घडवून आणण्याचा तो सरळ उपाय आहे.

अस्थिमज्जा

हाडांच्या दाव्याविषयी लिहिते, कारण रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना जॅकेट खपवले जाते ते मुख्यतः याच नावाखाली. या दाव्याच्या पाठीशी जो अभ्यास हटकून सांगितला जातो, तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात रजोनिवृत्ती झालेल्या ज्या स्त्रियांनी पाच वर्षे जॅकेट घालून व्यायाम केला, त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता टिकून राहिली आणि व्यायाम न करणाऱ्यांची घटली. तथापि दोन्ही गट मिळून स्त्रिया होत्या अवघ्या १८, आणि त्यांच्या व्यायामात उड्यांचा समावेश होता. जाहिरातीत नेमक्या या उड्या गळतात. याउलट २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत स्थूलता असलेले १५० वयस्क लोक वर्षभर वजन उतरवत होते. त्यांपैकी एका गटाने दिवसातले कित्येक तास वजनी जॅकेट अंगावर वागवले, तरी खुब्याच्या हाडाची झीज त्या गटातही थांबली नाही.

याचे कारण हाडाच्या स्वभावात आहे. हाड एकसारख्या, संथ भाराला फारशी दाद देत नाही. झटकन येणारा, नेहमीपेक्षा मोठा आणि वेगळ्या दिशेने येणारा ताण मिळाला, तर ते नव्या पेशी कामाला लावते. सपाट रस्त्यावरची तुमची चाल हाडांच्या ओळखीची झालेली आहे आणि चार-सहा किलोंनी ती ओळख फारशी बदलत नाही. हाडांसाठी काही करायचे असेल, तर आठवड्यातून दोनदा वजने उचलण्याचा व्यायाम करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम हालचालीच्या जोडीला स्नायूंचा व्यायाम किमान दोन दिवस सांगितलेला आहेच. त्याआधी हाडांची घनता तपासून घ्यावी, कारण मणक्यांची हाडे ठिसूळ झालेली असतील, तर खांद्यांवरून येणारा भार थेट त्यांच्यावरच पडतो.

सावकाश

वरील दोन्ही प्रतिसाद मान्य आहेत, परंतु तिसरा दावा त्यांत सुटला. जिने चढताना किंवा खुर्चीतून उठता-बसताना जॅकेट अंगावर असेल, तर मांड्यांना आणि नितंबांना खरोखर काम पडते. सपाट चालीत ते फार थोडे पडते. त्यामुळे पायांच्या ताकदीसाठी घ्यायचे असेल, तर रस्त्यात जिना किंवा चढ असलाच पाहिजे.

वजनाविषयी सांगायचे, तर शरीराच्या तीन ते पाच टक्क्यांपासून, म्हणजे तुमच्या बाबतीत २ ते ३ किलोंपासून सुरुवात करावी आणि दहा टक्क्यांच्या पुढे जाण्याचे कारण नाही. वजने काढता-घालता येतील असेच जॅकेट निवडावे. पहिले दोन आठवडे ते एक दिवसाआड आणि तेही फक्त शेवटची दहा-पंधरा मिनिटे घालावे. बसते कसे हे पाहायचे, तर पट्टे आवळून पूर्ण श्वास भरून घ्या. बरगड्या बाहेर येताना पट्टा अडवत असेल, तर तो घट्ट आहे. मग जागच्या जागी झपाझप पावले टाका. जॅकेट वरखाली उडत असेल, तर ते सैल आहे आणि मानेजवळची कड गळपट्टीच्या हाडावर घासत राहणार. पुढच्या आणि मागच्या खिशांतील वजन सारखे असावे. पाठीवरच्या सॅकेपेक्षा जॅकेट बरे ते याचसाठी, कारण सॅकेमुळे माणूस कमरेतून पुढे वाकतो. उन्हात मात्र ते घालू नये, कारण घाम वाळायला वाव राहत नाही. खोकताना किंवा शिंकताना लघवी सुटण्याचा त्रास असेल, तर आधी तो डॉक्टरांना दाखवावा. जास्तीच्या भाराने तो वाढू शकतो.

पायवाट

तिघांचेही मनापासून आभार. आधी लिहायचे राहिले, ते आता विचारते. जिना उतरताना माझा उजवा गुडघा अधूनमधून दुखतो. चालताना काहीच जाणवत नाही. अशा वेळी २ किलोंनी सुरुवात करण्यास हरकत नसावी ना?

मोजूनमापून

हरकत आहे. गुडघेदुखी असलेल्या स्थूल व्यक्तींच्या २००५ च्या अभ्यासात असे आढळले होते की शरीराचे वजन एक किलो घटले, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. तो आकडा वजन उतरवणाऱ्यांचा आहे आणि जॅकेटला जसाच्या तसा लागू होईल असे नाही, परंतु तुमच्या २ किलोंचे ओझे गुडघ्याला फक्त २ किलोंचे वाटणार नाही, एवढे त्यावरून समजावे. उतरतानाच दुखते, याचा अर्थ शरीर सावरून धरताना मांडीचा पुढचा स्नायू कमी पडत असण्याची शक्यता आहे. फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून तो बळकट करून घ्या आणि तोवर वेग वाढवा. सलग जमत नसेल, तर तीन मिनिटे भरभर आणि तीन मिनिटे नेहमीच्या चालीने, असे आलटूनपालटून चाला. भरभर चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग पुरेसा आहे.