अनुभव धागा : देवाचं राज्य तुमच्याकडे कुठे असतं?

सई_नगरवाली
परवा आमच्या जुन्या वाड्याशेजारच्या मावशी गेल्या, म्हणून नगरला जाऊन आले. मावशी ख्रिस्ती. प्रार्थनेला पेटी, टाळ, तबला आणि रेव्हरंड टिळकांची भजनं. ज्यांनी नगरकडची ख्रिस्ती घरं पाहिली नाहीत त्यांना सांगून पटत नाही, पण डोळे मिटले तर आपण हरिपाठाला बसलोय असंच वाटतं. मग सगळे उभे राहिले, 'तुझे राज्य येवो' सुरू झालं आणि मला एकदम शाळा आठवली.

मिशनची शाळा. रोज सकाळी रांगेत हीच प्रार्थना. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास, त्यामुळे राज्य म्हणजे गड, तोफा, शिबंदी. इतकी पोरं रोज बोलावतात तर ते येत का नाही, हा माझा प्रश्न. आलं तर भुईकोट किल्ल्यात उतरणार ही खात्री.

आजोबा माळकरी, त्यांना विचारलं. ते शेंगा फोडत होते. हात न थांबवता ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायातल्या ओव्या म्हणाले आणि अर्थ सांगितला : देव म्हणतो, मी वैकुंठात नसतो, सूर्यबिंबातही दिसत नाही, योग्यांची मनंसुद्धा ओलांडून जातो. मी हरवलो तर जिथे माझा नामघोष चाललाय तिथे शोधा. वर म्हणाले, "मावशीकडं रविवारी पेटी वाजती ना? मग तिथंच आलं असंल. जा, बघून ये."

गेले. मावशींनी नानकटाई दिली आणि शेवटच्या भजनापर्यंत बसवून घेतलं.

तर तुमच्या घरात, गावात, धर्मात हे राज्य कुठे असतं असं सांगायचे? प्रवचन नको, अनुभव लिहा.

खादाड_बोका
नानकटाई घरची की बेकरीची?

सई_नगरवाली
बोका, भट्टीची! पत्र्याच्या डब्यात रवा-तूप-साखर घेऊन जायचं आणि भट्टीवाल्याकडून भाजून आणायची. आता धाग्यावर या.

जुनी_पानं
टिळकांचा विषय निघालाच आहे तर : शेवटच्या काळात ते मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला राहिले आणि १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही त्यात जागा. १९१९ ला ते गेले, दरबार फार वाढला नाही. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणाऱ्या माणसाला पुलाच्या दोन्ही टोकांची माणसं एका बैठकीत हवी होती, असं मला वाटतं. माझा स्वतःचा अनुभव काही नाही, वाचतोय.

वसईची_पोर
आमच्याकडे ख्रिस्तराजाचा सण असतो, आगमनकाळ, म्हणजे नाताळची तयारी, सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी. लहानपणी वाटायचं फार जुना सण, पण तो पोपनी १९२५ मध्ये सुरू केलाय. मिरवणूक, बँड, आणि आम्ही पोरी पांढऱ्या फ्रॉकमध्ये घामाघूम. तो झाला फादरांचा राजा.

आजीचं राज्य वेगळं होतं. शुभवर्तमानात एक बाई तीन मापं पिठात खमीर लपवते आणि सगळं पीठ फुगतं, देवाचं राज्य तसं आहे, असा दाखला आहे. आजीला सगळ्या दाखल्यांत हा एकच पटायचा. कारण नाताळचे तळलेले फुगे तीच करायची, ताडी घालून. पीठ भिजवून टोप गोधडीत गुंडाळून ठेवायची आणि आम्ही झाकण उचललं की हातावर फटका. "सारखं बघितलं की बसतं ते!" धर्मशिक्षणाच्या वर्गात फादरांनी विचारलं, देवाचं राज्य कुठे आहे? मी म्हणाले, गोधडीत. फादर इतके हसले की चष्मा काढून पुसला.

तांदळाची शेतं होती तिथे आता बिल्डिंगा. ताडीही पहिल्यासारखी मिळत नाही, यीस्टवर भागवतो. चव नाही येत.

खादाड_बोका
फुग्यांची पाककृती टाका प्लीज. वेगळा धागा काढलात तरी चालेल.

गोदाकाठ
नांदेडकर. आमच्याकडून देवाच्या राज्याला थेट गाडी आहे, फक्त वेटिंग फार असतं :)

गंमत सोडा. शिखांच्या जपजी साहिब या प्रार्थनेत पाच खंड सांगितलेत, धरम, ग्यान, सरम, करम आणि शेवटचा सचखंड. निरंकाराचा वास तिथे. आणि आमच्या गुरुद्वाऱ्याचं नावच तख्त सचखंड श्री हजूर साहिब, गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये इथेच गेले. त्यामुळे नांदेडच्या पोराला सचखंड म्हणजे रिक्षाने जायची जागा. गाडीचं नावही सचखंड एक्सप्रेस, नांदेड ते अमृतसर.

बाबा गेल्यावर आईला घेऊन त्या गाडीने निघालो होतो, ताईकडे लुधियानाला. आई कुणाशी बोलत नव्हती, घरून आणलेलं खात नव्हती. एका स्टेशनवर फलाटावर बादल्या घेऊन माणसं धावत आली. खिडक्यांतून डबे, ताटल्या, कुणी तर प्लास्टिकची बरणी बाहेर काढलेली. कढी-भात आणि सुकी बटाट्याची भाजी. पैसे नाहीत, नाव-गाव नाही. आई डबा काढेना. समोरचे सरदारजी नांदेडचेच निघाले. अस्सल मराठवाडी मराठीत म्हणाले, "काकू, काढा की डबा. लंगरला नाही म्हणायचं नसतं." आईने काढला. वाढणारा पोरगा असेल पंधरा-सोळाचा, गाडी हलली तरी डब्याबरोबर पळत होता, कारण कढी वाढायची राहिली होती. आई पोटभर जेवली आणि मग खूप वेळ बाबांबद्दल बोलत बसली.

ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत हे आईला मी तेव्हा सांगितलं. तिला आधीच माहीत होतं.

मीनल_ठाणे
डोळ्यात पाणी आलं हो. तो लंगर कुठल्या स्टेशनवर? आम्ही दिवाळीत जातोय.

गोदाकाठ
एकाच नाही, वाटेत बऱ्याच ठिकाणी देतात. मोठा डबा आणि चमचा हाताशी ठेवा म्हणजे झालं.

ऑरेंज_सिटी
सगळे गोड गोड लिहून राहिले म्हणून जरा कडू लिहितो, राग मानू नका.

आमची आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होती, कडेवर माझा मोठा मामा. तिला कुणी देवाचं राज्य म्हटलं की ती विचारायची, आत घेतात का? कारण पंढरपूर म्हणजे भूवैकुंठ, आणि त्या वैकुंठात चोखोबांची जागा दाराबाहेर. समाधी आजही महाद्वारासमोर आहे, पाहून घ्या. आमच्या लोकांसाठी मंदिर उघडायला साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. देश स्वतंत्र व्हायला तीन महिने राहिले होते अन् देवाच्या दारावर अजून पहारा!

आजीने बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि विषय संपवला. राजाच नको तर राज्य कशाला. शाळेत मामाचं नाव घालायला मात्र ती स्वतः गेली, हेडमास्तरांसमोर खुर्चीवर बसली. कुणी बस म्हटलं नव्हतं. हा किस्सा आमच्या घरी प्रत्येक लग्नात सांगतात.

जुनी_पानं
ऑरेंज सिटी, कडू कसलं, नेमकं लिहिलंत. संत रविदासांच्या पदातलं बेगमपुरा नावाचं शहर आठवलं. दुःख नाही, कराची चिंता नाही, कुणी दुय्यम-तिय्यम नाही, वाटेल तिथे फिरा, महालापाशीसुद्धा कुणी अडवत नाही. चामड्याचं काम करणाऱ्या माणसाला कुठली गोष्ट पहिल्यांदा सुचली बघा, न अडवणं.

ऑरेंज_सिटी
हे चालते. अन् कर नाही म्हणजे आमचे सीए साहेब पण येतील.

सांगलीकर_पाटील
आमच्या जैनांत सिद्धशिला, म्हणजे मुक्त झालेल्या जीवांची जागा. विश्वाच्या अगदी वर. जैन चिन्हात वर जी चंद्रकोर दिसते ती तीच. तिथे राजा नाही, प्रजा नाही, कुणी कुणाला नमस्कार करत नाही, सगळे सिद्ध एकाच पायरीचे. आमच्या काकांना हे फार आवडायचं, कारण त्यांची हयात बांधाच्या केसमध्ये गेली. "तिथं सातबारा नाही रे!"

नूरजहाँ_मिरज
दादी म्हणायची, अल्लाह मानेच्या शिरेपेक्षाही जवळ आहे. कुराणातच आहे हे. मी सातवीत, पेपर अवघड गेला की मानेला हात लावून बघायची, शीर उडतेय ना, मग आहे तो. आजही लावते, बीपीच्या गोळ्या सुरू झाल्यापासून जरा जास्तच

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांबद्दल लिहायचं होतं पण दूध ऊतू जातंय, नंतर येते

मोटर_चालू
अरणचा आहे, माढा तालुका. सावता माळ्याचं गाव. महाराज पंढरपूरला गेले नाहीत, मळा सोडला नाही, कांदा-मुळा-भाजीलाच विठाबाई म्हणाले. आता पुण्यतिथीला पांडुरंगाचीच पालखी पंढरपूरहून आमच्याकडं येते. गावाला याचा माज आहे थोडा, खोटं कशाला बोलू.

अनुभव म्हणाल तर वडील रात्री दारं धरायला जायचे, लाइटच रात्री यायची. मी बॅटरी धरून मागं. गुडघाभर चिखल, थंडी, वाफा भरला की फावड्याचे दोन घाव आणि पाणी पुढच्या वाफ्यात. वडील अभंग म्हणत, तेही वाफ्याच्या मापानं. अभंग संपला की दार मोडायचं. मी म्हटलं, आबा, एकादशीला पंढरपूर एवढं जवळ, जाऊ की. म्हणाले, पाणी कोण धरील, तू? अजून मीच धरतोय. मोबाइलवर स्टार्टर आलाय एवढाच फरक.

खिडकीपाशी
बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते. आईच्या केमोच्या वेळी आम्ही दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत उतरलो होतो. तिथे टाटाचे पेशंट आणि त्यांची माणसं. गाडगेबाबा आयुष्यभर कीर्तनात सांगत आले की देव देवळात नाही, ते १९५६ ला गेले, आणि लोक अजून त्यांच्या भिंतींच्या आत झोपताहेत. शेजारी बिहारची एक बाई, नवऱ्याला घेऊन आलेली. तिला मराठी येत नव्हतं, आईला हिंदी. दोघींना उलट्यांच्या वेळा मात्र एकमेकींच्या पाठ. आई ओकायला उठली की ती बाई झोपेतून उठून पाठ धरायची. मी कितीदा झोपलेलीच असायचे.

आई त्याच वर्षी गेली. त्या बाईचा नंबर लागत नाही आता.

मीनल_ठाणे
खिडकीपाशी, काय बोलू. मिठी.

मोटर_चालू
ताई, नमस्कार तुम्हाला.

अश्दोदची_रिव्का
शालोम मंडळी! आजी-आजोबा अलिबागकडचे, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात अजून मराठी. आमच्याकडे राज्य यायचंय अजून, आणि आधी एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, येऊन वर्दी देणार. पण आमची आजी सांगायची, तो एकदा येऊन गेलाय आणि कुठे, तर जेरुसलेमला नाही, अलिबागजवळ खंडाळ्याला! खडकावर खुणा दाखवतात, रथाच्या आणि घोड्याच्या टापांच्या. इस्राएलमध्ये वाढलेल्या माझ्या मुलाला हे सांगितलं तर म्हणतो, आई, मग आपण तिकडून इकडे का आलो? आजीने ऐकलं असतं तर कान धरला असता.

नवस फेडायला, लग्नाआधी, नोकरी लागली की अजून मलिदा करतो एलियाहूच्या नावाने. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळं.

खादाड_बोका
पोहे मिळतात तिथे?? जाडे की पातळ?

अश्दोदची_रिव्का
जाडे. पातळ्यांचा लगदा होतो. भारतीय दुकानं आहेत ना, सगळं मिळतं. गूळ मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याकडून मागवते.

सांगलीकर_पाटील
ताई, माझा भाचा जानेवारीत हैफाला जातोय, शिकायला. दोन रवे देऊ का त्याच्याजवळ?

अश्दोदची_रिव्का
रवा नको, इथे मिळतो!

सांगलीकर_पाटील
अहो, रवा म्हणजे गुळाची ढेप.