गन सोडली की पंप तापतो, काटा उड्या मारतो. बायपासची जोडणी चुकली का?

भुसावळ_वॉशिंग: राम राम मंडळी. गाड्या आणि ट्रॅक्टर धुण्याचं सेंटर आहे. पंप तीन प्लंजरचा, मिनिटाला 15 लिटर, दाब 120 बार, मोटर 5 एचपी थ्री फेज. अनलोडर म्हणजे गन बंद झाली की पाणी मागे वळवून पंपावरचा दाब उतरवणारा व्हॉल्व्ह; त्याची बायपास नळी (हे मागे वळलेलं पाणी नेणारी) फिटरने टी टाकून सक्शनमध्येच, म्हणजे पंपाला पाणी आणणाऱ्या नळीत जोडली आहे, पंपापासून अर्ध्या फुटावर. गनचा ट्रिगर सोडून चार-पाच मिनिटं झाली की हेडला (पंपाच्या व्हॉल्व्हच्या डोक्याला) हात लावता येत नाही. महिन्यात दोनदा सील गेले. शिवाय गन बंद असताना दर दोन-तीन सेकंदांनी ‘टक्’ वाजतं आणि हेडवरचा काटा 120 ला जाऊन खाली पडतो. अनलोडर नवा टाकू का?

पंपवाला_जळगाव: थांबा भाऊ, अनलोडरला एवढ्यात हात लावू नका. दुखणी दोन आहेत, पण एकमेकांना धरून.

आधी तापण्याचं. गन बंद असताना तुमच्या जोडणीत तेच लिटरभर पाणी गरगर फिरतं. अनलोडर पूर्ण उघडलेला असला तर दाब जवळपास नसतो, पाणी सावकाश तापतं. पण तुमचा पंप दर दोन-तीन सेकंदांनी लोडवर, म्हणजे पूर्ण दाबावर येतोय. लोडवर 15 × 120 ÷ 600 = 3 किलोवॅट पाण्यात जातात. ते सलग गेले तर लिटरभर पाणी सेकंदाला 0.7 अंशाने तापेल. बहुतेक पंपांच्या सीलला 60 अंशांपुढचं पाणी चालत नाही. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच चाळिशीला टेकलेलं असतं, म्हणजे हातात उरले वीस अंश.

टी काढा, तिथे सरळ जोड द्या आणि बायपास थेट टाकीत सोडा. तोंड सक्शनच्या विरुद्ध कडेला आणि पाण्याखाली ठेवा. वरून धार पडली तर बुडबुडे सक्शनमध्ये ओढले जातात, मग पंप खडखडतो आणि तुम्ही व्हॉल्व्ह बदलत बसता.

नोझल_06: टक्-टक् म्हणजे अनलोडरच्या पुढे कुठेतरी गळती. गन बंद केली की होजमध्ये (गनकडे जाणाऱ्या नळीत) दाब कोंडून राहायला हवा. थेंब जरी सुटला तरी तो दाब उतरतो, अनलोडर पंपाला पुन्हा लोडवर घेतो, होज भरला की सोडतो.

शोधायचं असं: नोझल कोरडं पुसा, गन बंद ठेवा. टोकाला थेंब जमला तर गनमधली बॉल-सीट (पाणी अडवणारी गोळी बसते ती जागा) गेली. नाही जमला तर होजचे दोन्ही जोड पाहा. तिथेही कोरडं असेल तर मोटर बंद करून गन दाबा, दाब पूर्ण काढा, मगच होज सोडा. अनलोडरच्या तोंडाला किमान 200 बारचा प्लग लावून क्षणभर चालवा. तरीही टक्-टक् आली तर आतल्या चेक व्हॉल्व्हची (पाणी मागे येऊ न देणाऱ्या झडपेची) ओ-रिंग किंवा सीट गेली. बोअरच्या पाण्याचा क्षार बहुधा तिथेच बसलेला सापडतो. ओ-रिंगचं काम असेल तर आख्खा अनलोडर कशाला?

दाब कमी वाटतो म्हणून अनलोडरचा नॉब कसत गेला असाल तर आधी नोझल बघा. तुमच्या पंपाला 06 नंबर (भोकाच्या मापाचा नंबर) लागतो. तेच झिजून 07 एवढं झालं की दाब 88 बारच्या आसपास येतो. अशा वेळी स्प्रिंग पूर्ण दाबली तर गन सोडताच अनलोडर उघडत नाही. मोटर ट्रिप होते, नाहीतर होज फुटतो. नवं नोझल टाकून, गन दाबलेली ठेवून नॉब फिरवा. काटा चढायचा थांबला की अर्धा आटा मागे घ्या.

भुसावळ_वॉशिंग: गनमधूनच थेंब येतोय, सीट बदलतो. पण टाकी 25 फूट लांब आहे. बायपासला अर्धा इंची पाईप चालेल? मध्ये कॉक ठेवू का?

पंपवाला_जळगाव: कॉक अजिबात नको. चुकून बंद राहिला तर पाण्याला वाटच नाही. एवढ्या लांबीला पाऊण इंची टाका, वळणं कमी ठेवा. सक्शन मात्र पंपाच्या तोंडापेक्षा एक साईज मोठी हवी. 25 फुटांवरून ओढायला लावण्यापेक्षा पंपाशेजारी 200 लिटरचा ड्रम फ्लोट लावून ठेवा आणि बायपास त्यातच सोडा. सक्शनला जाळी लावा, नाहीतर बोअरची रेती व्हॉल्व्ह खाते. तरीसुद्धा गन दोन मिनिटांहून जास्त वेळ बंद राहणार असेल तर मोटर बंद करा.